नव्या गेममध्ये आधी नळाची वेळ विचार

प्रश्न असा आलाय: "ताई, नवीन फँटसी एमएमओ आलाय. चार दिवस झाले खेळून राहिलो, लेव्हल २४ झाली. ग्राफिक्स जबरदस्त, स्टोरीची सुरुवात भारी. पण काही पोट्टे म्हणतात हा तीन महिन्यांत मरणार. होस्टेलमधले तिघं मात्र साडेतीन हजारांचा फाउंडर्स पॅक घेऊन बसले. मी घेऊ का? आणि चार दिवसांत गेम ओळखायचा तरी कसा?"

गेमचं नाव तू दिलं नाहीस. बरंच झालं. नाव वाचलं असतं तर मी त्याच गेमवर घसरले असते आणि तुझा खरा प्रश्न बाजूलाच राहिला असता.

आधी उत्तर देऊन टाकते. पॅक, म्हणजे लाँचच्या वेळी विकतात तो जादा सामानाचा संच, आत्ता घेऊ नको, गेमही सोडू नको. काऊन, ते आता सांगते.

वीसेक वर्षं झाली हे एमएमओ, म्हणजे हजारो लोक एकाच जगात एकत्र खेळतात ते ऑनलाइन खेळ, खेळते. सुरुवात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेत, रूनस्केपवर. तो ब्राउझरमध्येच चालायचा, इन्स्टॉल करायची भानगड नव्हती, म्हणून कॅफेवाले काका ओरडायचे नाहीत. पुढे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, मग फायनल फँटसी फोर्टीन, अधूनमधून गिल्ड वॉर्स टू, आणि बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक नवा गेम पंधरा-वीस दिवस तरी. बहुतेक सगळीकडे हीलर, म्हणजे गटातल्यांच्या जखमा भरणारी. हीलरला समोरचा राक्षस धड दिसत नाही, अर्धा वेळ तो लोकांच्या हेल्थच्या पट्ट्यांकडे बघत असतो. पण पट्ट्यांवरून माणसं कळतात, हे खरं.

आपल्याकडे भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक नवा रंग दाखवतो, टाइल्स दाखवतो, गच्चीवरची हवा दाखवतो. ज्यानं दोन-चार खोल्या बदलल्या आहेत तो विचारतो, "नळ किती वाजता येतो? आणि मे महिन्यात येतो का?" तू चार दिवस बघितलास तो रंग. रंग चांगला असू नये असं नाही. पण त्यावर सगळ्यात जास्त पैसा लागलेला असतो, कारण तिथूनच माणूस एकतर आत येतो नाहीतर परत फिरतो.

एक खूण सांगते. सुरुवातीला पात्रं तोंडानं बोलतात, कॅमेरा फिरतो, मागे संगीत वाजतं. एका लेव्हलनंतर पात्रं नुसती उभी राहतात आणि खाली मजकूर येतो. ती लेव्हल कुठली ते लिहून ठेव. तिथून पुढे "दहा लांडगे मार, बारा मुळ्या आण" किती वेळा येतं तेही मोज. यावरून गेम वाईट ठरत नाही. माझ्या लाडक्या फायनल फँटसी फोर्टीनमध्येही बरीचशी स्टोरी वाचावीच लागते. पण रंग कुठं संपला आणि भिंत कुठं सुरू झाली ते कळतं.

स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून विकत घेतलेला गेम परत करायचा तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी हवा. एमएमओत दोन तासांत काय होतं? केसांचा रंग ठरतो, ट्युटोरियल संपतं आणि माणूस पहिल्या गावाच्या वेशीशी पोचतो. खरा गेम सुरू व्हायच्या आत परतीचं दार बंद. जास्त पैसे भरून काही दिवस आधी खेळायला मिळतं, त्या दिवसांचे तास पूर्वी धरत नसत. एप्रिल २०२४ पासून तेही धरतात.

आता "तीन महिन्यांत मरणार" या भाकिताचं बघू. असली भाकितं मी दर लाँचला ऐकते, आणि ती करणाऱ्याला पुढे कोणी विचारत नाही. फायनल फँटसी फोर्टीन सप्टेंबर २०१० मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा लोकांनी त्याला धू धू धुतला, आणि बरोबरच धुतला. दिसायला तेव्हाही देखणाच होता तो. त्याच्या पुनर्बांधणीची सूत्रं ज्यांच्याकडे आली त्या नाओकी योशिदांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की जुन्या गेममधल्या एका फुलाच्या कुंडीला खेळाडूच्या पात्राइतकेच पॉलिगॉन (चित्र घडवणारे छोटे तुकडे) होते. कुंडी सुंदर, पण माणसं जमली की मशीन गुडघे टेकायचं. शेवटी नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीनं कथेतलाच एक चंद्र आकाशातून खाली पाडून तो गेम बंद केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नव्यानं बांधून परत आणला. तो आजही जोरात आहे.

उलटं उदाहरण न्यू वर्ल्डचं. २८ सप्टेंबर २०२१ ला आला, एकट्या स्टीमवर एकाच वेळी ९ लाखांवर लोक, आत शिरायला तासन्‌तास रांग. रांगेत उभं राहून मीही ऑफिसचे दोन-चार मेल उरकले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की यात आता नवं काही येणार नाही. लॉस्ट आर्क फेब्रुवारी २०२२ मध्ये जगभर उघडला तर स्टीमवर १३ लाखांचा आकडा, आणि मार्चमध्ये कंपनीनं १० लाखांवर बॉट (माणसाऐवजी प्रोग्रामनं चालणारी) खाती उडवली. त्यामुळे पहिल्या आठवड्याची गर्दी बघून हुरळूनही जाऊ नको आणि चॅटमधल्या शिव्या वाचून घाबरूही नको.

मग नळ कुठं आहे? मी तीन ठिकाणी बघते.

पहिलं पिंग, म्हणजे तुझा संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत (कंपनीच्या संगणकापर्यंत) जाऊन परत यायला लागणारा वेळ. नागपूरला झिरो माइलचा दगड आहे म्हणून आपण देशाच्या मध्यावर असल्याची ऐट करतो. इंटरनेटला त्याचं कौतुक नाही. आपला डेटा समुद्रात उतरतो तो मुख्यतः मुंबईला नाहीतर चेन्नईला, म्हणजे मध्यावर असल्याचा फायदा एवढाच की दोन्ही किनारे लांब. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समजा सर्व्हर सिंगापूरला आहे: नागपूरपासून सरळ रेषेत साधारण साडेतीन हजार किलोमीटर. जाऊन-येऊन सात हजार, म्हणजे ३५ मिलिसेकंद निसर्गच कापून घेतो, तिथं कुठलाही महागडा प्लॅन कामाचा नाही. केबल सरळ रेषेत जात नाही, मधे राउटर लागतात, म्हणून माझ्याकडे प्रत्यक्षात ७५ ते ९० दिसतात. युरोपातला सर्व्हर असेल तर फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटरच्या पलीकडे. चांगल्या दिवशी १५०. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा बरेच दिवस माझं युरोपचं पिंग अडीचशेच्या खाली आलं नाही. मी त्या दिवसांत नुसती मासेमारी केली. गेममध्ये, म्हणजे.

पण पिंगच्या आकड्यापेक्षा तो गेम किती पिंग पोटात घालतो हे महत्त्वाचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एक स्पेल टाकल्यावर पुढची टाकायला साधारण दीड सेकंद थांबावं लागतं, फायनल फँटसी फोर्टीनमध्ये अडीच. ऐकायला संथ वाटतं, पण आपल्यासारख्या लांबच्या माणसाला ही सावली असते. अर्थात तिथंही त्या अडीच सेकंदांच्या फटीत दोन जादाची बटणं बसवायला गेलं की जास्त पिंगवर दुसरं बटण सांडतं आणि पुढची स्पेल उशिरा सुटते. सिडनीत आणि जपानमध्ये फायनल फँटसीची डेटा सेंटर आहेत, भारतात नाही. नव्या गेममध्ये बहुधा उड्या मारून, लोळून वार चुकवायचे असतात. तिथं तुझ्या पडद्यावर तू लाल वर्तुळाच्या बाहेर असतोस, सर्व्हरच्या हिशेबात आत. मेलास तर तुला वाटतं गेम खोटारडा आहे.

तपासायची पद्धत सोपी. जमिनीवर लाल खूण उमटवून मग वार करणारा एखादा साधा राक्षस शोध. खुणेच्या आत उभा राहा आणि अगदी शेवटच्या क्षणी बाहेर पड. दहा वेळा कर. बाहेर पडल्याचं दिसूनही किती वेळा लागलं ते मोज. दोन-तीनदा लागलं तर खेळता येईल. सहा-सात वेळा लागलं तर त्या गेममध्ये टँक (पुढे उभा राहून मार अंगावर घेणारा) व्हायची स्वप्नं सोड, लांबून बाण मार. आणि हे रात्री नऊ ते अकरात कर. दुपारी दोन वाजता गल्ली रिकामी असते तेव्हाच्या पिंगचा काही उपयोग नाही.

जाता जाता: राउटर आणि फायबरच्या डब्याला एक मिनी यूपीएस लाव. मला ही अक्कल एका रेडमध्ये (अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या लढाईत) आली. बॉसचे शेवटचे चार टक्के उरलेले, उन्हाळ्याची रात्र, आणि आमच्याकडची लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण राउटर मेला. माझं पात्र पुतळ्यासारखं उभं राहिलं आणि सात जण माझ्यासमोर एकेक करून पडले, असं मला दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं. मे महिन्यातली दुसरी गोष्ट म्हणजे लॅपटॉप डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नको. गार राहतो खरा, पण ओल आत जाते आणि आपल्या पाण्याचा पांढरा थर पंख्यावर बसतो.

दुसरं ठिकाण बाजार. इथं मी जरा जास्त वेळ घालवते, कारण आमच्या घरी संत्र्याचा बाग आहे आणि लहानपणी बाबांसोबत कळमन्याच्या बाजारात लिलावाला जायची. आंबिया बहाराची आवक वाढली की भाव कसा बसतो हे मी फ्रॉकमध्ये असताना बघितलंय. गेममध्ये तेच होतं. पहिल्या आठवड्यात हजारो लोक त्याच टेकडीवर तेच तांबं खणतात. तांब्याला कुत्रं विचारत नाही आणि कोणीतरी हळूच गोळा केलेली चामडी सोन्याच्या भावात जाते. हे चालायचंच. बघायचं असतं ते सोन्याच्या नाण्यांचं: येतात कुठून आणि जातात कुठे. येतात क्वेस्टमधून, म्हणजे गेमनं दिलेल्या कामांतून, आणि राक्षस मारून. जातात दुरुस्तीत, प्रवासात, घरपट्टीत, बाजाराच्या करात. येणं जास्त झालं की महागाई. न्यू वर्ल्डमध्ये सुरुवातीला उलटं झालं. क्वेस्ट संपल्या तसं येणं आटलं, पण तलवारीची दुरुस्ती आणि घराचा कर काही थांबला नाही. लोक नाणी दडवून बसले आणि मालाच्या बदल्यात माल द्यायला लागले. त्यावर कळस म्हणजे नाणी दुप्पट करायचा बग लोकांना सापडला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला सगळी देवघेव काही काळ बंदच ठेवावी लागली. बाजार समितीच्या दाराला कुलूप, आत माल सडतोय, असं चित्र.

तू आज एवढंच कर. एक साधी वस्तू निवड, समजा पहिल्या दर्जाची औषधाची बाटली. बाजारात तिचे विक्रेते किती, सगळ्यात स्वस्त आणि पाचवी स्वस्त यांत फरक किती, ते वहीत लिही. आठवड्यानं परत बघ. विक्रेते दोनावर आले आणि भाव मनाला येईल तसे लागले असतील तर माणसं जाऊन राहिली आहेत. चॅटमधल्या रडारडीपेक्षा ही वही जास्त खरं सांगते.

आणि बाजार कुठल्या नाण्यात चालतो ते बघ. ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभर उघडलेल्या थ्रोन अँड लिबर्टीत लिलाव ल्यूसेंट नावाच्या नाण्यात चालतो, आणि ल्यूसेंट खऱ्या पैशांनी विकत मिळतं. लगेच नाक मुरडायचं कारण नाही, कारण फुकट खेळणारा माल विकून तेच ल्यूसेंट मिळवू शकतो. पण मग बाजारभाव खऱ्या पैशाशी बांधला जातो आणि चांगली तलवार हातात असणारा माणूस चांगला खेळाडू आहे की नुसता पगारदार, ते कळत नाही. याउलट गिल्ड वॉर्स टू २०१२ पासून महिन्याची फी घेत नाही आणि त्यात आजही कमाल लेव्हल ८० च आहे. तीन वर्षांनी परत गेलं तरी जुना चिलखताचा जोड अंगावर चढतो. मला असला गेम परवडतो, कारण मला नोकरी आहे, सासर आहे, आणि रात्रीचा दीड तास आहे.

एक जुनी आठवण. रूनस्केपमध्ये आधी बाजार असा नव्हताच. गेममधल्या वॅरॉक शहराच्या बँकेसमोर लोक उभे राहून ओरडायचे, अक्षरशः डोक्यावर अक्षरं तरंगायची, लोखंड घ्या, मासे घ्या. आपल्या इतवारी बाजारासारखी गर्दी. नोव्हेंबर २००७ मध्ये ग्रँड एक्सचेंज आलं, नाव टाका, भाव टाका, माल ठेवा आणि जा. सोय फार झाली. पण माझी पहिली ऑनलाइन मैत्रीण मला त्या बँकेसमोर, कोळशाच्या भावावरून भांडताना मिळाली होती. ग्रँड एक्सचेंजनं मला कोणी दिलं नाही.

इथूनच तिसरं ठिकाण: माणसं. आणि हे मला सगळ्यात जड वाटतं.

गेल्या पावसाळ्यात एका नव्या गेममध्ये पहिल्या डंजनला, म्हणजे गटानं मिळून उतरायच्या राक्षसांच्या अड्ड्यात, गेले. पाच अनोळखी. टँक मनिलाचा पोरगा, चॅटमध्ये आधीच कबूल करून मोकळा की पहिल्यांदाच आलोय. पुलावर एक दगडी बैल, समोर असेल त्याला शिंगांनी एका दमात झाडतो. अशा वेळी टँकनं बैलाचं तोंड आमच्यापासून वळवायचं असतं. याला ते ठाऊक नव्हतं. बैल आमच्याकडे तोंड करून उभा, आणि आम्ही तीनदा आडवे. माझी मना (जादूची शक्ती) संपलेली, एक तिरंदाज न बोलता निघून गेला. मी घड्याळ बघितलं, त्या जागी दुसरा यायला चाळीस सेकंद लागले. त्या नव्या माणसानं येऊन काय केलं? शिवी दिली नाही. पुलाच्या कडेच्या भिंतीशी जाऊन दोन उड्या मारल्या आणि लिहिलं, "याला इकडे बघायला लाव." टँक भिंतीशी जाऊन उभा राहिला, बैल वळला, आम्हाला त्याचं शेपूट दिसलं. चौथ्या वेळी पडला. लूट वाटून झाल्यावरही कोणी लगेच पळालं नाही. टँकनं स्वतः रांधलेला रश्शाचा हंडा जमिनीवर ठेवला आणि सगळ्यांनी एकेक वाटी घेतली. त्या वाटीनं ताकद पाच टक्के वाढते की किती, आता आठवत नाही. तो गेम मी अजून ठेवलाय.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका गेममध्ये बटण दाबलं, थेट डंजनमध्ये पडले, बावीस मिनिटांत बाहेर. चौघांपैकी कोणी एक अक्षर टाइप केलं नाही. दिसायला तो पहिल्यापेक्षा दसपट सुंदर होता. आठव्या दिवशी काढून टाकला. आता यात दोष बटणाचा आहे असं काही जुने लोक म्हणतात, डंजनच्या दारापर्यंत चालत गेलं पाहिजे म्हणतात. मला ते पटत नाही. चालत जायला वेळ कुणाकडे आहे बाप्पा? पण कोणी पडलं तर बाकीच्यांना थांबायचं काही कारण गेमनं ठेवलंय का, हे बघावं लागतं. तू मेल्यावर दुसरा तुला उठवू शकतो का? उठवल्यावर त्याला काही मिळतं का? दुसऱ्यानं मारत आणलेल्या राक्षसावर तू वार केलास तर त्याचं नुकसान होतं की दोघांना लूट मिळते? गिल्ड वॉर्स टूमध्ये दोघांना मिळते, खाणीतला दगडही ज्याचा त्याला वेगळा मिळतो. म्हणून तिथं अनोळखी माणूस येताना दिसला की बरं वाटतं. काही गेममध्ये तोच माणूस दिसला की कपाळाला आठी पडते.

तुझ्यासाठी परीक्षा: शनिवारी करू नको, शनिवारी सगळेच गेम जिवंत असतात. मंगळवारी रात्री साडेअकराला मोठ्या गावाच्या बँकेपाशी उभा राहा. चॅटमध्ये एक बावळट प्रश्न टाक, घोडा कुठं मिळतो वगैरे. पहिल्या आठवड्यात दहा उत्तरं येतील, त्यातली चार चुकीची. तिसऱ्या आठवड्यात तोच प्रश्न परत टाक. उत्तर यायला किती वेळ लागला आणि कुठल्या सुरात आलं, ते बघ. मी स्वतः आणखी एक बघते, जे तुला बघावं लागणार नाही: व्हॉइसवर पहिल्यांदा बोलले की पोट्टे काय बोलतात. "अरे ही तर मुलगी" म्हणून जो खिदळतो त्याच्या गिल्डमध्ये (खेळाडूंच्या टोळीत) मी राहत नाही, मग तो कितीही मोठा रेड लीडर असो.

राहिला पॅक. असा पॅक मी एकदा घेतलाय. २,८०० रुपये, पंख, काळा घोडा, नावापुढे सोनेरी पदवी. चार महिन्यांत खेळाडू घटले म्हणून सर्व्हर तीनदा एकमेकांत मिसळले, पुढच्या वर्षी गेमच बंद. घोड्यासाठी मी अजून हळहळते, खरंच देखणा होता.

तू पॅकमध्ये काय काय आहे ते लिहिलं नाहीस, पण बहुतेक पॅकमध्ये तीन गोष्टी असतात: काही दिवस आधी प्रवेश, थोडं विकतचं नाणं, आणि दिखाऊ कपडे-घोडे. तू खेळूनच राहिला आहेस, म्हणजे पहिली गोष्ट तुझ्यासाठी संपली. नाणं कुठं खर्च होतं ते तुला अजून माहीत नाही, कारण लेव्हल २४ ला दुकान अर्धं बंद असतं. उरला घोडा. साडेतीन हजारांचा घोडा पाहिजे असेल तर घे, पण घोडा म्हणून घे, "आता पैसे टाकले तर खेळलंच पाहिजे" या धाकापायी नको.

होस्टेलमधल्या त्या तिघांपैकी जो पुढे गेलाय त्याच्या बाजूला एक संध्याकाळ बसून बघ. त्याच्या हातातली तलवार तुटली की दुरुस्तीला किती लागतात, दुकानाची खिडकी दिवसातून किती वेळा आपोआप उघडते, आणि डंजन संपल्यावर तो कुणाशी बोलतो का. चहा त्याला पाज, त्यानं साडेतीन हजार भरलेत.